झुंबरबाई मुलींना काय विचारते

आमच्या साक्षरता वर्गाचे हस्तलिखित निघणार आहे. त्यासाठी प्रत्येकाने एका परिचित व्यक्तीविषयी लिहावे, असे चारुलता मॅडमनी सांगितले. चारुलता मॅडम आमच्या गावच्या हायस्कूलच्या ग्रंथपाल आहेत आणि सायंकाळी पाच ते सहा आम्हा वयस्कांना ग्रंथालयातच शिकवतात. वर्गातील अकरा जणांपैकी सात जणांनी झुंबरबाईचे नाव घेतले. एकाच बाईवर सात लेख नकोत, म्हणून माझे अक्षर बरे असल्याने ते काम मला देण्यात आले. माझे नाव कोणीही घेतले नव्हते. हे मी आरंभीच नमूद करते, कारण या लेखात माझा मत्सर दिसणारच आहे, आणि तो वाचकांनी शोधून काढण्यापेक्षा मीच सांगितलेला बरा.

झुंबरबाईचे माहेर चाळीसगावकडचे. चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावी ती लग्न होऊन आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. मी त्याच गल्लीत दोन वर्षे आधी आले होते. आम्ही दोघींनी एकाच मुकादमाच्या हाताखाली कापूस वेचला आणि एकाच केळीच्या बागेत निंदणी केली. माझी ओळ नेहमी तिच्याआधी संपत असे. तिचा नवरा झुलालभाऊ लवकर वारला. तिला एक मुलगी. ती सातवीतच शाळेतून निघाली. साठी उलटल्यावर आम्ही दोघींनी एकाच दिवशी वर्गात नाव घातले. मार्चच्या परीक्षेत मला दीडशेपैकी एकशे एकतीस गुण मिळाले, तिला अठ्ठ्याऐंशी. जोडाक्षर समोर आले की ती अजूनही नाल्याच्या काठाशी बैल थांबावा तशी थांबते.

असे असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत मॅडमनी तिला खुर्ची दिली.

ती हकीकत अशी. दहावीच्या निकालानंतर पुढे काय शिकावे, अर्ज कोठे करावा, कोणते दाखले लागतात, हे समजून घेण्यासाठी मुली ग्रंथालयात येतात. मॅडम संगणकावर अर्ज भरून देतात. पुस्तके देण्याघेण्यासाठी आणि रांगेतल्या मुलींशी बोलण्यासाठी टेबलापाशी वर्गातील दोन जणांना बसवायचे ठरले. पहिली खुर्ची झुंबरबाईला मिळाली. दुसरी कोणाला द्यायची हे जूनमध्ये ठरणार होते. पहिली तिला कशी, असे मी मॅडमना विचारले. मॅडम म्हणाल्या, "कुंदाबाई, मुली तिच्याजवळ बसतात." हे काही कारण झाले, असे मला वाटले नाही. दुसरी खुर्ची मात्र मी मिळवणारच, असे मी मनाशी ठरवले.

तिची कामाची रीत मी रोज समोर बसून पाहत असे. मुलगी माहितीपुस्तिका घेऊन आली की झुंबरबाई ती तिच्याच हातात परत देत असे. "बेटा, माले काही समजत नही. तू वाच आन् माले समजाडी सांग." मुलगी वाचू लागे. झुंबरबाई तिला ओळीओळीला अडवून विचारत असे: हे शिकायला किती वर्षे, कॉलेज कोणत्या गावात, एसटी किती वाजता सुटते, घरून कोण हो म्हणाले आणि कोण नाही. पूनम नावाच्या मुलीला विज्ञान शाखा हवी होती. कशासाठी, हे तिला अर्धा तास सांगता येईना. शेवटी मैत्रीण घेते म्हणून, असे तिने कबूल केले.

"मंग जेवस बी मैतरीणले इचारीसन का?" झुंबरबाईने विचारले.

रांगेतल्या मुली हसल्या, पूनमही हसली. चार दिवसांनी तिने वाणिज्य शाखेचा अर्ज भरला.

मी बाकावर बसून एका मुलीला परिचारिकेच्या अभ्यासक्रमाविषयी छापील माहिती संपूर्ण आणि न चुकता सांगितली होती. ती "हो आजी, हो आजी" म्हणाली आणि उठून झुंबरबाईच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मुली तिला अक्का म्हणतात आणि मला आजी. आमच्या वयात जेमतेम एका वर्षाचे अंतर आहे.

इतके प्रश्न तू का विचारतेस, असे मी तिला एकदा टोचून विचारले होते. ती पुस्तकांवर शिक्का मारत होती. मुलगी शाळेतून काढली तेव्हा आपण मास्तरांना काहीच विचारले नाही, असे ती म्हणाली. काय विचारावे हेच कळत नव्हते. पुढे कोणीतरी सांगितले की गावातल्या गावात तिच्या पुढच्या शिक्षणाची सोय होऊ शकली असती. "तव्हापासून मी बठ्ठं, सगळंच इचारस," एवढे म्हणून तिने पुढचे पुस्तक ओढले.

आता माझ्या हातून जे घडले ते लिहिते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मॅडम प्रशिक्षणासाठी धुळ्याला गेल्या. झुंबरबाईही मुलीकडे गेली होती. ग्रंथालय बंद होते. अभिमन पाटलांची मयुरी दाराशी येऊन कुलूप पाहून परत चालली होती. तिला धुळ्याच्या तंत्रनिकेतनात विजेचा अभ्यासक्रम घ्यायचा होता. घरच्या विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर ती स्वतः खोलते, हे सगळ्या गावाला माहीत आहे. अभिमनभाऊंना मुलीने गावाबाहेर जावे हे पसंत नव्हते, परंतु एवढ्यात ते कसेबसे हो म्हणाले होते. मीच तिला हाक मारून घरी नेले.

माझ्याकडे "दहावीनंतरच्या वाटा" ही पुस्तिका होती. हिवाळ्यात वाचनाच्या सरावासाठी मी ती मॅडमच्या परवानगीने आणली होती आणि तीन वेळा वाचली होती. मी मयुरीला अंगणात बसवून सर्व वाचून दाखवले. अर्जाची शेवटची तारीख तीस जून होती. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी वडिलांना चोपड्याला यावे लागेल, आणि बागेत केळीची कापणी चालू आहे, असे ती म्हणाली. मी तिला सांगितले की घाई करू नये, कापणी होऊ द्यावी, पुरेसे दिवस आहेत. ती निर्धास्त झाली. ती माझे बोलणे लक्ष देऊन ऐकत होती, आणि दुसरी खुर्ची आता माझी झाली असे मला वाटले. पुस्तिकाही मी तिला देऊन टाकली.

साठ वर्षे मला अक्षर येत नव्हते. छापलेले शब्द म्हणजे दगडावरची रेघ, अशी माझी समजूत होती. ते जुने होतात, एका वर्षी खरे असलेले पुढच्या वर्षी खरे राहत नाही, हे मला कोणी शिकवले नव्हते आणि मीही कोणाला विचारले नव्हते.

सोळा जूनला ग्रंथालय उघडले. मयुरी सहज म्हणून आली. झुंबरबाईने तिला पुस्तिका वाचायला लावली. तारीख आली तेथे तिने हात वर केला.

"थांब बेटा. हाई पुस्तक कोनता सालनं शे?"

मयुरीने मुखपृष्ठ पाहिले. पुस्तिका गेल्या वर्षीची होती. मॅडमनी संगणकावर पाहिले. या वर्षीची शेवटची तारीख अठरा जून होती, आणि उत्पन्नाचा दाखला अजून काढलेला नव्हता.

मयुरी बोटांवर दिवस मोजू लागली. झुंबरबाईने तिच्या हातातली पुस्तिका घेतली, तिच्यावर माझ्या वह्यांवर असतात तसे हळदीचे डाग होते ते पाहिले, आणि मग माझ्याकडे पाहिले. मी बाकावर होते. ती आता विचारणार, अशी मी वाट पाहत होते. पण सगळ्या गावाला सगळे विचारणाऱ्या त्या बाईने मला काहीही विचारले नाही. ती उठली आणि मयुरीला घेऊन थेट केळीच्या बागेत गेली. अभिमनभाऊंना कापणी सोडायला लावून तिने एसटीत बसवले. दोन दिवस ती त्यांच्याबरोबर चोपड्याला तहसील कार्यालयात जाऊन बसली. दाखला मिळाला आणि अठरा तारखेला दुपारी चार वाजता अर्ज भरला गेला.

त्या दोन दिवसांत मला जेवण गेले नाही. पश्चात्ताप होता, हे खरे आहे. परंतु त्याहून अधिक जळफळाट होता. तिने मला चारचौघांत दोष दिला असता तर मी भांडले असते. तिने तेवढीही जागा मला ठेवली नाही.

वीस तारखेला अभिमनभाऊ केळीचा घड घेऊन ग्रंथालयात आले. मॅडम, झुंबरबाई, मयुरी आणि आमचा सर्व वर्ग तेथे होता. दुसऱ्या खुर्चीचे नाव मॅडम त्याच दिवशी सांगणार होत्या. घड टेबलावर ठेवून अभिमनभाऊ म्हणाले, "मनी पोरले तीस तारीख सांगनारा शहाना कोन व्हता, तेवढं माले कळू द्या."

मयुरी खाली पाहू लागली. झुंबरबाई घडातली केळी मोजल्यासारखे करू लागली. कोणी बोलले नसते तर ती गोष्ट तेथेच मिटली असती, आणि खुर्ची मलाच मिळाली असती, असा माझा अंदाज होता. मी उभी राहिले.

"मी व्हतू, भाऊ," मी म्हटले. "जुनं पुस्तक वाची दखाडं."

अभिमनभाऊ माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही व्हतात म्हनीसन मी गप बठस," एवढेच ते म्हणाले आणि टोपी डोक्यावर सारखी करून निघून गेले. मयुरी त्यांच्यामागे गेली. दारातून तिने वळून पाहिले, पण ते रागाने की दुसऱ्या कशाने, हे मला ओळखता आले नाही.

झुंबरबाईने दोन केळी तोडली आणि एक माझ्यापुढे धरले.

"तू माले त्या दिवशी कसाले इचारं नही?" मी तिला विचारले.

"इचारतू तं तू खोटं बोलतीस," ती म्हणाली. "मंग आपली बोलचाल बंद व्हती."

तिचे म्हणणे खरे होते. मी केळे घेतले, पण तिच्यासमोर खाल्ले नाही.

मॅडमनी दुसरी खुर्ची आमच्या वर्गातल्या नथ्थूनानांना दिली. नानांना परीक्षेत सत्तर गुण आहेत, त्यांना ऐकू कमी येते, आणि मुलींना त्यांना सर्व काही मोठ्याने दोनदा सांगावे लागते. मुली त्यांच्याकडेही जातात. मला नानांचाही मत्सर वाटतो. तो झुंबरबाईविषयीच्या मत्सराइतका मोठा नाही, कारण तिचा मत्सर मी पंचेचाळीस वर्षे केलेला आहे. मयुरीची निवड यादी अजून लागायची आहे. ती लागेल त्या दिवशी मी ग्रंथालयात जाणार आहे आणि बाकावर बसणार आहे.