शिन्यीला न्यायला आलेले आजोबा

कौमुदी माहेरी भित्री भागूबाई म्हणूनच ओळखली जायची. नागपूरच्या घरून निघताना गॅस बंद केला की नाही हे पाहायला ती दोनदा जिना चढायची, आणि डब्लिनला येताना ही सवय काही तिनं विमानतळावर सोडली नाही. नवरा आशुतोष ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात डॉक्टर. तो चिडवायचा, "तुझ्या भीतीसाठी वेगळा व्हिसा काढायला हवा होता." पण या भीतीनंच तिला नोकरी मिळवून दिली. डब्लिनजवळच्या ल्यूकनला दर शनिवारी, भाड्यानं घेतलेल्या वर्गांमधून, एक चिनी शाळा भरते. आठवडाभर आयरिश शाळेत जाणारी पोरं तिथं चिनी लिहा-वाचायला शिकतात. मुख्याध्यापिका लिऊ मॅडमना दारावर कोणीतरी हवं होतं. मुलाखतीत कौमुदीनंच इतक्या शंका काढल्या, की त्यांनी तिला तिथल्या तिथं ठेवून घेतलं.

दारावरचा नियम एकच. घरच्या माणसानं गुलाबी कार्ड दाखवायचं, मगच मूल बाहेर. चार वर्षांत कौमुदीनं कोणाची गय केली नव्हती. दर शनिवारी दिसणाऱ्या बापांनाही तिनं कार्ड आणायला भर पावसात गाडीकडे परत पिटाळलं होतं. म्हाताऱ्या माणसांपुढे मात्र तिची जीभ रेटत नसे. वडीलधाऱ्या माणसाला पुरावा कसा मागायचा? तिच्या घरी आजोबांना 'कुठे निघालात' एवढंही कोणी विचारत नसे. तेव्हा आजी-आजोबा आले की ती हसून मान झुकवायची, तेही झुकवायचे, आणि मूल हातात जायचं. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या शनिवारी साडेबाराला एक नवेच आजोबा आले. जाड चष्मा, इंग्रजीचा गंध नाही. "शिन्यी," एवढंच म्हणाले. पहिलीच्या रांगेत शिन्यी उभीच होती. कौमुदीनं तिच्या रेनकोटची टोपी नीट बांधली. पोरगी जागची हलेना.

"अगं जा ना, आजोबा थांबलेत," कौमुदी इंग्रजीत म्हणाली आणि तिच्या पाठीला हलकेच हात लावला. पोरगी गेली.

दहा मिनिटांनी शिन्यीची आई आली. तिच्या हातात गुलाबी कार्ड होतं.

"आजोबा घेऊन गेले की," कौमुदी म्हणाली.

"तिचे आजोबा चीनमध्ये आहेत," आई म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

लिऊ मॅडम धावत आल्या. "कार्ड बघितलं होतंस ना?"

"नाही. म्हातारे होते हो. मागितलंच नाही मी."

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तडक पोलिसांना फोन लावला.

कौमुदी तशीच रस्त्यावर धावली. जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या मागच्या सीटवर तिला शिन्यी दिसत होती. कोण होता तो माणूस? कुठे नेलं असेल? तिनं नवस बोलला, पण कुठल्या देवाला ते तिचं तिलाच कळलं नाही.

बसस्टॉपच्या बाजूनं ते दोघं परत येताना दिसले. आजोबा पुढे, चार हात मागे रडणारी शिन्यी. कौमुदीनं धावत जाऊन तिला उचललं.

उलगडा लिऊ मॅडमनी केला. शाळेत याच महिन्यात दुसरी एक शिन्यी आली होती, आणि हे तिचे आजोबा. गुरुवारीच चीनहून आलेले. नातीला आजवर फोनवरच पाहिलेलं. शाळेनं हातात दिली म्हणजे आपलीच, असं धरून ते चालू लागले होते. बसस्टॉपवर रडणाऱ्या शिन्यीचे डोळे पुसायला तिची टोपी मागे सारली, तेव्हा त्यांना चूक कळली. त्यांची नात अजून वरच्या मजल्यावर वर्गात बसून होती. म्हातारबाबा पुन्हा पुन्हा वाकून शिन्यीच्या आईची माफी मागत होते, आणि कौमुदीला ते बघवत नव्हतं.

आईनं शिन्यीला छातीशी घट्ट धरलं होतं. कौमुदीला राहवेना. "ते तुझे आजोबा नाहीत हे तुला ठाऊक होतं ना गं? मग सांगितलं का नाहीस?"

शिन्यीनं नाक पुसलं. "मला खूप भीती वाटत होती," ती म्हणाली. "पण तू जा म्हणालीस. मोठ्या माणसांना नाही म्हणायचं नसतं."