दवाय

आमची मुलगी अकरा वर्षांची असताना अमेरिकेत वेस्ट विंडसरजवळच्या एका क्लबात टेनिस शिकायला जायची. तिच्या कोचबाई सोव्हिएत युनियनमधून आलेल्या. काळ्या समुद्राकाठी वाढलेल्या, तिकडच्या मोठ्या स्पर्धा जिंकलेल्या. पण परदेशी खेळायला जायची वेळ आली की ऐनवेळी त्यांचं नाव वगळलं जायचं. का, ते विचारायची सोय नव्हती. पुढे देश सोडायचा अर्ज केला, तर मुलांना शिकवायचं कामही गेलं. कित्येक वर्षं घरी बसवून ठेवल्यावर एकदाचं त्यांना सोडलं. हे सगळं त्यांनी मला पार्किंग लॉटमध्ये, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, तुकड्यातुकड्यानं सांगितलं होतं. ऐंशीच्या दशकातलं माझं इंग्रजीही यथातथाच होतं, त्यामुळे आमचं छान जमायचं.

बाई ओरडायच्या मात्र फार. शेजारच्या कोर्टावरची माणसं सर्व्ह करता करता दचकायची. काही आयांनी तक्रार केली, मुलं काढून घेतली. शेवटी एका शनिवारी मॅनेजरनं बाईंना सांगितलं की उद्याची मॅच तो स्वतः बघणार आणि मग त्यांना ठेवायचं की नाही ते ठरवणार. त्या मॅचमध्ये त्यांची एकच विद्यार्थिनी होती, आमची.

काळजी करणं हा माझा पिंडच, त्यात हे निमित्त. आमचे हे म्हणाले, "अगं, जॉब त्यांचा जाणार आहे की तुझा?"

"त्यांना दुसरं काय येतं हो? आणि आता कुठे जातील त्या?"

मला रॅकेट कशी धरतात तेही माहीत नव्हतं. तरी रोज संध्याकाळी गराजसमोर उभी राहून मी मुलीकडून पाय टाकायची प्रॅक्टिस करून घ्यायची. "डावा! उजवा! डावा!" त्या शनिवारी तर तिला इतकं पळवलं की ती रडायला आली.

रविवारी मॅनेजर हाताची घडी घालून वरच्या काचेमागे उभा होता. मॅच सुरू झाली आणि बाईही सुरू झाल्या. "दवाय! दवाय!" बॉल उजवीकडे आला की आमची पोर डावीकडे झेपावे. बाई आणखी जोरात ओरडत, ती आणखी डावीकडे पळे. मॅनेजरनं दोनदा मान हलवली. आपल्याच मुलीच्या पायी या बाईंचं अन्न जाणार, असं मला लख्ख दिसायला लागलं. पहिला सेट गेला.

मध्ये थोडा वेळ मिळाला. मी तिला गाठलं. "अगं, बॉल दिसत नाही का तुला?"

"आय कॅन सी इट, आई. पण त्या सारख्या डावा, डावा म्हणतात."

"कोण, कोच? त्यांना कुठलं आलं मराठी?"

"आय थॉट तू शिकवलंस."

अमेरिकेत वाढलेल्या पोरांना द आणि ड यांत फरक ऐकूच येत नाही. वर गराजसमोरची माझी शिकवणी. मी धावत बाईंकडे गेले आणि विचारलं, दवाय म्हणजे काय? "म्हणजे चल. हिंमत कर," त्या म्हणाल्या. आमच्या भाषेत तिला तो शब्द कसा ऐकू येतो ते मी सांगितलं. त्या हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी तोंडावर धरला आणि पुढची सगळी मॅच तशाच उभ्या राहिल्या.

पोरगी जिंकली. मॅनेजर स्वतः खाली आला आणि बाईंचा हात हातात घेऊन म्हणाला, दुसरा भाग फार छान झाला, किती शांत होतात तुम्ही. असंच राहणार असाल तर काम तुमचंच.

मला रडूच आलं. आपण बाईंची नोकरी वाचवली या आनंदात मी त्यांना मिठी मारली. पार्किंग लॉटपर्यंत मी एकटीच बोलत होते. गाडीपाशी त्या थांबल्या.

"तिकडे पण हेच सांगायचे," त्या म्हणाल्या. "गप्प राहा, मग खेळू देऊ."

मी किल्ली गाडीच्या कुलपाला लावली, पण फिरवायचं सुचेना. मुलगी बाजूलाच उभी होती. बाईंकडे बघत तिनं मराठीत मला विचारलं, "आई, त्या आता माझ्याशी बोलणारच नाहीत का?"

"काय म्हणते?" बाईंनी विचारलं.

"भूक लागलीय म्हणते," मी सांगितलं.