मोठी व्हिसल आणि उजवा हात

‘कार्पल टनेल सिंड्रोम,’ डॉक्टर म्हणाले. माझा उजवा हात टेबलावर उताणा ठेवून त्यांनी मनगटाच्या मधोमध टिचकी मारली, आणि अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत अशी झिणझिणी गेली की मी हात मागे ओढला. ‘यही है,’ ते म्हणाले.

मग त्यांनी कागदावर मनगट काढून दाखवलं. मनगटात एक अरुंद बोळ असतो. बोटं हलवणारे दोर त्यातूनच जातात आणि एक नसही त्यातूनच जाते. दोर सुजले की बोळ कमी पडतो आणि नस चेपली जाते. अंगठा आणि शेजारची अडीच बोटं तिच्या ताब्यात असतात, म्हणून तेवढीच बधिर होतात. करंगळी मजेत असते.

‘हाथ से दिन भर क्या करते हैं?’ त्यांनी विचारलं.

‘कम्प्यूटर,’ मी म्हणालो. ‘माउस.’

हे खोटं नव्हतं. मी सरकारी खात्यात कालव्यांचे नकाशे काढतो. पूर्वी कागदावर काढायचो, आता पडद्यावर. पण ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं घरी, रायपूरच्या पुरानी बस्तीत, कपाटामागे कापडी पिशवीत उभं होतं.

तुमच्यापैकी कोणी कधी अशा टेबलासमोर बसलात, तर माझ्यासारखं अर्धं सांगू नका. सगळ्यात मोठी चूक माझी तीच झाली.

माझी बहीण, कुसुमताई, ब्राह्मणपाऱ्यात राहते; पारा म्हणजे इथला मोहल्ला. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तात्यापाऱ्यात दर गुरुवारी संध्याकाळी आम्हा मराठी घरांचं भजन असतं. तिथं ती गायची आणि मी बासरी वाजवायचो. चार वर्षांपूर्वी तिचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, पण आवाज उतरला. काळी पाचमध्ये गाणारी ताई पांढऱ्या पाचवर आली. पेटीवाल्याला काय, पहिल्या गुरुवारी त्यानं हात डावीकडे सरकवला; माझी बासरी मात्र वरच्याच पट्टीची. त्यानंतर ताईनं वर्षभर गायला तोंड उघडलं नाही. ‘हा आवाज माह्या ओळखीचा नाही,’ म्हणायची.

मग तिचा मुलगा आमोद आयर्लंडहून सुट्टीवर आला आणि माझ्यासाठी एक मोठी व्हिसल घेऊन आला. अल्युमिनियमची, दोन फुटांना दोन बोटं कमी, सहा भोकांची नळी. ही आडवी नाही, सनईसारखी तोंडासमोर खाली धरायची. आवाज मात्र सनईचा नाही. खोल आणि दमदार, थोडा घोगरा. मी ताईच्या घरीच वाजवून पाहिली तर तीन भोकं झाकल्यावर नेमका ताईचा नवा षड्ज लागला. स्वयंपाकघरातून ताईनं त्यात सूर मिसळला. मला तर रडूच आलं. पुढच्या गुरुवारी ती भजनाला आली.

तेव्हा ती नळी माझ्यासाठी काय होती, ते तुमच्या लक्षात येईल. ती बंद तर ताई बंद, एवढं सोपं गणित मी डोक्यात करून ठेवलं होतं.

नळीची भोकं मोठी आणि लांब लांब. मी लहानपणापासून बोटांच्या टोकांनी वाजवत आलो, म्हणून हिलाही टोकांनीच धरलं. खालच्या हाताची बोटं ताणायची, मनगट वाकडं करायचं, अंगठ्यानं खालून रेटायचं आणि हवा निसटू नये म्हणून दाबायचं. सगळं दाबून धरणं हा माझा स्वभावच आहे. पेन, स्कूटरची मूठ, भाजीची पिशवी, सगळं. बायको म्हणते, तुम्ही टूथब्रशही असा धरता, जणू कोणी हिसकावून नेणार आहे.

पहिल्यांदा शर्टाचं बटण लागेना. मग चहाचा कप सुटला. पहाटे हात बधिर होऊन जाग यायची. मी मानेचं दुखणं समजलो, कारण ऑफिसात निम्म्या लोकांना मानेचं दुखणं आहे आणि प्रत्येकाकडे त्यावर सल्ला आहे. पाच महिने मी गळ्यात पट्टा घालून हिंडलो. मान छान सरळ झाली. बोटं तशीच.

भजनात तर माझी नुसती चिडचिड. दोन कडव्यांमध्ये मी पेटीमागे हात नेऊन झटकायचो. त्यातच ताईनं नवीन खोड काढली होती. ध्रुपदाचा पहिला शब्द एकटीच धरून बसायची, घोळवायची, आम्हाला थांबवून ठेवायची. कधी पाणी मागायची. मला वाटायचं, म्हातारपण. मनातल्या मनात मी तिला ‘चल, चल’ म्हणायचो.

डॉक्टरांनी नर्व्ह कंडक्शन टेस्ट सांगितली. यात हाताला बारीक करंट देतात आणि नसेतून तो किती वेगानं जातो ते मोजतात. दुखत नाही फारसं, पण प्रत्येक झटक्याला बोट स्वतःहून उडतं, आणि आपलं बोट आपल्याला न विचारता उडताना बघणं काही बरं वाटत नाही. करंट देणाऱ्या मुलानं माझी बोटं उलटी केली. टोकांवर लाल गोल वळ होते. ‘ये क्या है सर?’

‘बोतल का ढक्कन,’ मी म्हणालो.

‘तीनों उँगली में?’

मी छताकडे बघत राहिलो.

रिपोर्टमध्ये ‘मॉडरेट’ आलं. म्हणजे मधलं. अजून ऑपरेशन नको, पण हसण्यावारी नेण्याजोगंही नाही. मला स्प्लिंट मिळाला. तो मनगटाला बांधायचा कडक पट्टा असतो, आत पत्र्याची पट्टी असते, त्यामुळे मनगट वाकत नाही. झोपताना घालायचा. मी इमानदारीनं घालायचो, सकाळी काढायचो आणि तासभर व्हिसल वाजवायचो. गुरुवारचा सराव नको का? महिन्याभरात हात होता त्याहून वाईट झाला.

दुसऱ्या वेळी वेटिंग रूममध्ये दीड तास गेला. मी चार वेळा उठलो, पाण्याच्या कूलरपर्यंत गेलो, परत बसलो, भिंतीवरचा मणक्याचा तक्ता पाठ केला. आत गेलो तेव्हा डॉक्टर वैतागलेले होते. ‘इतना माउस कौन चलाता है भाई?’

फाइल घेऊन आलेली रिसेप्शनवरची रश्मी दारातच थांबली. तिच्या घरी मराठीच बोलतात. तिची आई आमच्या भजनात टाळ धरते. रश्मीला सगळं कळतं, पण बोलते हिंदी.

‘सर, अंकल तो इतना बड़ा पाइप बजाते हैं,’ तिनं दोन्ही हात फाकवून दाखवलं. ‘हर गुरुवार. बहुत अच्छा बजाते हैं.’

मी तिच्याकडे असं बघितलं की ती फाइल ठेवून पळाली. खरं सांगायचं तर मला हीच भीती होती. रायपूर आता केवढं मोठं झालंय, पण आपली मराठी घरं मोजकीच. इथं डॉक्टरांना सांगितलेलं संध्याकाळपर्यंत तात्यापाऱ्यात पोचतं आणि तिथून ब्राह्मणपारा चालत पाच मिनिटं. म्हणून तर मी बोललो नव्हतो.

डॉक्टर ओरडले नाहीत. ‘कल लेके आइए,’ एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या केबिनमध्ये व्हिसल वाजवली. बाहेरचे पेशंट दारातून डोकावत होते. डॉक्टर सूर ऐकत नव्हते, माझं मनगट बघत होते. एका जागी त्यांनी मला थांबवलं आणि वाकलेल्या मनगटाखाली पेन धरलं. ‘ये देखिए. माउस बेचारा तो बेकसूर है.’ मग गंभीर होऊन म्हणाले, ‘ऐसे ही पकड़ते रहे तो ऑपरेशन करना पड़ेगा. और उसके बाद भी ऐसे ही पकड़ा तो ऑपरेशन भी बेकार.’

त्यांनी मनगटात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, सूज उतरवण्यासाठी. सहा आठवडे व्हिसल बंद. मग फिजिओथेरपी.

संध्याकाळी मी ताईकडे गेलो. वाटेत एक थाप तयार केली होती, की व्हिसलच्या तोंडात काहीतरी अडकलंय आणि आमोदकडे पाठवावी लागेल. मी दोन वाक्यं बोललो असेन. ताई भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

‘रश्मीची आई येऊन गेली दुपारी,’ ती म्हणाली.

मी थाप अर्धीच सोडून खाली बसलो.

‘मले काहून नाही सांगितलं रे, बाळू?’

‘तू पुन्हा गाणं सोडशील म्हणून.’

‘अन् तू हात झटकून राहिला होता पेटीमागं, ते दिसत नव्हतं मले? मी आंधळी आहो काय?’ आता तिनं मान वर केली. ‘म्हणून तर मी पहिला शब्द लांबवत होती. तुह्या हाताले जरा दम भेटावा म्हणून. घडीघडी पाणी मागत होती. मले काय तहान लागून राहिली होती?’

इतके महिने मी तिला सांभाळत होतो असं समजत होतो, आणि ती तिच्या त्या उतरलेल्या आवाजानं माझा हात सांभाळत होती. लाज वाटली. फार लाज वाटली. वर मी मनात तिला म्हातारी म्हणालो होतो, ते तर तिला मी आजही सांगितलेलं नाही.

‘गुरुवारी ये,’ ती म्हणाली. ‘वाजवू नको. नुसता बस.’

ते सहा गुरुवार मी बसलो. नुसतं बसणं मला येत नाही. गुडघ्यावर बोटं नाचायची, मग स्वतःच्याच हातावर हात ठेवून त्यांना दाबून धरायचो. नुसत्या पेटीवर ताईचा आवाज पहिल्या दिवशी थरथरला. तिसऱ्या गुरुवारी थरथरला नाही. त्याचा मला आनंद झाला, आणि खोटं कशाला बोलू, थोडं वाईटही वाटलं.

फिजिओथेरपीची हेमलता दीदी पंचविशीची, महासमुंदकडची. तिनं असलं वाद्य कधी बघितलं नव्हतं. तिनं व्हिसल बाजूला ठेवली आणि मला उभं केलं. ‘हाथ लटकाइए. बिलकुल ढीला.’ हात मांडीशेजारी लोंबू दिला की बोटं आपोआप किंचित वळतात. ‘बस, यही शेप. अब बिना बदले ऊपर लाइए.’ मी हात वर आणला आणि तिनं त्याखाली व्हिसल सरकवली. बोटांची टोकं भोकांच्या पार पलीकडे गेली होती. भोकांवर आली होती मधली पेरं, दोन सांध्यांमधला तो मऊ भाग.

‘ऐसे कहीं बजता है?’ मी म्हणालो.

‘बजाइए तो.’

फुंकर मारली तर कोंबडी पकडल्यासारखा आवाज आला. टोकांना भोकाची कड कळते. मधल्या पेरांना काहीच कळत नव्हतं. कुठून हवा निसटते ते समजेना, म्हणून मी दाबलं, की लगेच मनगट वाकलं. दीदीनं माझ्या बोटांवरचे वळ बघितले. लालभडक, खोल.

तिनं मला एक काम दिलं. वाजवायचं नाही. भोकांवर बोटं ठेवायची, पाच मोजायचे, उचलायची आणि वळ बघायचा. गोल पूर्ण उमटला म्हणजे भोक झाकलं गेलं. पण तो फिका हवा, भराभर पुसला जाणारा. गडद उमटला तर आपण उगाच दाबतोय. अंगठ्यानं रेटायचं नाही, नुसता टेकू द्यायचा. करंगळी नळीवर अलगद ठेवायची, तोल तिचा.

आठ दिवस मला अर्धा गोल दिसायचा किंवा गडद. मी एकदा व्हिसल पलंगावर फेकलीसुद्धा. दोनदा चोरून टोकांनी वाजवली आणि दोन्ही वेळा पहाटे बोटांनी त्याची शिक्षा दिली. तुम्ही नवी पकड शिकत असाल तर जुनी पकड अशीच हाका मारत राहते. नव्या पकडीत आपण पुन्हा शिकाऊ होतो, आणि चोपन्नाव्या वर्षी शिकाऊ होणं जड जातं.

मग एका सकाळी ऑफिसला निघायच्या गडबडीत, स्कूटरची किल्ली शोधता शोधता मी सहज नळी उचलली. लक्ष दुसरीकडे होतं. षड्ज स्वच्छ लागला. बोटं बघितली तर तीन फिके गोल, आणि बघता बघता गेले. किल्ली खिशातच होती.

‘हव, अइसने!’ दीदीला दाखवलं तेव्हा ती टाळी वाजवून म्हणाली. असंच, असंच. आणि लगेच, ‘अउ ढीला.’ अजून सैल. तिचं समाधान कधीच होत नाही. रश्मीवरचा माझा राग केव्हाच गेलाय. ती दारात थांबली नसती तर आज मनगटावर टाके असते. आणि ज्या डॉक्टरांना मी माउस सांगत बसलो, त्यांनी माझं भजन बंद न करता माझी पकड बदलायला सांगितली, हे मी विसरणार नाही.

पूर्ण बरा झालो असं म्हणणार नाही. थंडीत अंगठा अजून सुस्त असतो, जलद तान मी सोडून दिली आहे. झोपताना स्प्लिंट आहेच. पण बटणं लागतात.

नव्या पकडीनं वाजवायच्या पहिल्या गुरुवारी दीदीनं एकच अभंग वाजवायची परवानगी दिली होती. ताईनं ध्रुपदाचा पहिला शब्द उचलला. सवयीनं मी हात खाली नेला, झटकायला. ती थांबली नाही. पाणी नाही, घोळवणं नाही. तिरकं माझ्याकडे बघत ती सरळ खालच्या पंचमावर, माझ्या नळीच्या सगळ्यात खालच्या सुरावर, उतरली. मी घाईघाईनं व्हिसल उचलली, सहाही भोकांवर बोटं टाकली, दाबली नाहीत, आणि तिला तिथं खाली गाठलं.

अभंग संपला तेव्हा मी बोटं बघितली. फिके गोल, पुसत चाललेले. ताईही वाकून बघत होती.

‘पुढच्या गुरुवारी दोन म्हणू,’ ती म्हणाली.

‘दीदीनं एकच सांगितलाय.’

‘मंग एकच,’ ताई म्हणाली. ‘पण आता मी तुह्यासाठी थांबणार नाही हं, बाळू.’