रोल नंबर चव्वेचाळीस आणि गुरगुरणारी मोटार

कल्पना करा, तुमचं वय बेचाळीस आहे. सकाळी सात ते बारा वर्कशॉपमध्ये बसून तुम्ही विजेच्या जळालेल्या मोटारी उघडल्या, आतली काळी पडलेली तार उपसून काढली, नवी तार भरली, टोकं जोडली, दोऱ्याने बांधली. नखांत वार्निश आहे आणि ते कुठल्याच साबणाला जुमानत नाही. साडेबाराला धावतपळत तुम्ही कॉलेजात पोहोचता, लेकीहून जेमतेम मोठ्या मुलामुलींमध्ये अंग चोरून बाकावर बसता, आणि तुमच्याहून सात वर्षांनी लहान असलेले सर विचारतात, "सांगा पाहू, मोटार म्हणजे काय?"

तुम्ही काय सांगाल?

आमच्या काकू उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, जी बिघडते ती."

वर्ग खो खो हसला. सरांनी व्याख्या लिहून घ्यायला लावली. काकूंनी ती इमानाने लिहून घेतली आणि माझ्या कानात म्हणाल्या, "सतरा वर्षं मोटारी भरतेय मी. आज कळलं, त्या काय असतात."

मी त्यांच्या शेजारी बसायचे. वर्गातले सगळेच त्यांना काकू म्हणत. सर मात्र अडचणीत होते. 'तुम्ही' म्हटलं की वर्गावरची पकड सुटते आणि 'तू' म्हणायला जीभ रेटत नाही. त्यांनी मधला मार्ग काढला. खुशीत असले की 'ताई', आणि चिडले की 'रोल नंबर चव्वेचाळीस'.

काकूंनी विसाव्या वर्षी या डिप्लोमाचं पहिलं वर्ष पार पाडलं होतं. मग वडिलांचं आजारपण, मग लग्न, मग वर्कशॉप, मग लेक. डिप्लोमा राहिला तो राहिलाच. एरवी त्यांना त्याचं फारसं वाईटही वाटलं नसतं, पण वर्कशॉपमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मोटारीबरोबर चाचणीचा एक कागद जातो आणि त्यावर डिप्लोमावाल्याची सही लागते. मोटार भरायच्या काकू, आणि सही करायचा मालकाचा भाचा. तो मोटारीला हातही लावत नसे. शर्टाला वार्निश लागतं म्हणे. हा भाचा आता दुसरीकडे नोकरीला निघाला होता. मालक काकूंना म्हणाला, "यंदा पास झालात तर चाचणीचं टेबल तुमचं. नाही झालात तर मला बाहेरून कुणीतरी आणावं लागेल, आणि एकदा आणला की आणला."

म्हणून हे शेवटचं वर्ष काकूंसाठी जीवनमरणाचं होतं.

घरी त्यांचे यजमान क्रेन चालवतात. ते एवढंच म्हणाले, "शिक. पण मला शिकवू नकोस." अकरावीतली लेक आईला गणितं शिकवायची, आणि आईने लहानपणी तिला सुनावलेली सगळी वाक्यं त्या निमित्ताने परत करायची. "लक्ष कुठे आहे तुझं? शंभरदा सांगितलं मी! रडून काही होणार नाही, पुन्हा कर." सासूबाई निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. दुसऱ्याचं बोलणं ऐकणं हे त्यांच्या लेखी काम होतं, खोड नव्हे. त्या आतल्या खोलीतून म्हणायच्या, "अगं, तिचं उत्तर बरोबर आहे, तूच पान चुकीचं उघडलंयस."

आता मोटारीकडे येते.

आमच्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात तीन हॉर्सपॉवरची एक मोटार होती. तिच्यावर हळूहळू भार वाढवायचा, प्रत्येक वेळी मीटर वाचायचे आणि शेवटी ती किती कार्यक्षम आहे ते काढायचं, असा प्रयोग. प्रत्यक्षात सर बटण दाबत. मोटार गुरगुरायची, टेबल थरथरायचं, खिडकीची काच वाजू लागायची. अर्ध्या मिनिटात सर बटण बंद करत. "चालते हे पाहिलंत ना? आता रीडिंग मागच्या वर्षीच्या जर्नलमधून घ्या." मागच्या वर्षीच्यांनी त्यांच्या मागच्यांकडून घेतलेली असत. पूर्ण भारावर कार्यक्षमता त्र्याण्णव टक्के. हा आकडा आमच्या कॉलेजात प्रत्येकाला स्वतःच्या जन्मतारखेसारखा पाठ होता.

ती गुरगुर पहिल्यांदा ऐकली तेव्हा काकूंचे कान टवकारले. "हिची एक कॉईल उलटी जोडलेली आहे," त्या म्हणाल्या. "एक जण गाडी पुढे ढकलतोय, दुसरा मागे. कुठल्या गाढवाने भरलीय ही?"

प्रयोगाच्या शनिवारी काकू वर्कशॉपला दांडी मारून, मला सोबत घेऊन सकाळीच आल्या. "जरा धूळ पुसून ठेवते," असं मदतनीसाला सांगून त्यांनी प्रयोगशाळा उघडून घेतली आणि टॉर्च माझ्या हातात दिला. पिशवीत पाने होते, सोल्डरिंगचं यंत्र होतं, दोरा होता आणि हवेत लवकर वाळणाऱ्या वार्निशची डबी होती. धूळ पुसायला इतकं सामान लागतं हे मला नव्यानेच कळलं.

त्यांनी मोटारीचं झाकण काढलं, आत डोकावून पाहिलं आणि टॉर्चसकट माझा हात जवळ ओढला.

"काय झालं, काकू?"

"गाढव सापडलं."

तारांचे वळसे बांधायच्या दोऱ्याला ओळीने गाठी असतात. सगळ्या कारागिरांच्या गाठी उजवीकडे कलतात. या मोटारीतल्या सगळ्या डावीकडे कललेल्या होत्या. काकू डावखुऱ्या आहेत. त्यांच्या वर्कशॉपमध्ये दुसरं कुणी डावखुरं नव्हतं, आजही नाही. झाकणाच्या आत रंगाने तारीखही लिहिलेली होती, सोळा वर्षांपूर्वीची. काकूंना कामाला लागून तेव्हा वर्ष झालं होतं आणि लेक पोटात होती.

"मालकाने मला सांगितलं असतं, ही कॉलेजची आहे म्हणून," त्या पुटपुटल्या, "तर दोनदा तपासली असती गं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तोंड उघडलंस तर बघ. टॉर्च सरळ धर."

सव्वा तासात त्यांनी दोरा कापला, कॉईलची टोकं फिरवून जोडली, पुन्हा बांधलं, वार्निश लावलं. नव्या गाठीही डावीकडेच कलल्या. त्याला इलाज नव्हता.

दुपारी सरांनी बटण दाबलं. काहीच आवाज आला नाही. सरांनी पुन्हा दाबलं. "वीज गेली का रे?" मदतनीस म्हणाला, "पंखा तर फिरतोय, सर." मग सगळ्यांनी पाहिलं. मोटारही फिरत होती. लोणी कापावं तशी, बिनआवाज.

सर इतके चकित झाले की बटण बंद करायचं विसरले, आणि आम्ही त्या कॉलेजात पहिल्यांदा खरी रीडिंग घेतली. हिशेब करून कार्यक्षमता आली एकोणऐंशी टक्के.

"चूक," सर म्हणाले. "त्र्याण्णव यायला हवेत. पुन्हा घ्या."

पुन्हा एकोणऐंशी. तिसऱ्यांदा अठ्ठ्याहत्तर आणि वर थोडं.

"अख्ख्या तुकडीला मीटर वाचता येत नाही?" सर मोटारीजवळ वाकले आणि त्यांना ताज्या वार्निशचा वास आला. ते हळूच सरळ झाले. "हिला हात कोणी लावला? कळेपर्यंत एकाही जर्नलवर माझी सही होणार नाही."

जर्नलवर सही नाही तर परीक्षेला बसता येत नाही. आमच्या तोंडचं पाणी पळालं. मी काकूंकडे बघायचं टाळत छताकडे बघत होते. बहुधा फारच टाळत होते. काकूंनी निःश्वास सोडला आणि उभ्या राहिल्या. "मी लावला, सर."

"रोल नंबर चव्वेचाळीस! विनापरवानगी उपकरणाची मोडतोड. सोमवारी पालकांना घेऊन विभागप्रमुखांकडे या."

"सर, लेक चालेल का? अकरावीत आहे, पण जबाबदार आहे."

"पालक म्हणजे वडीलधारं माणूस. नियम आहे."

घरी ही बातमी सांगितल्यावर यजमान इतके हसले की त्यांना ठसका लागला. लेकीने पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे ती मोटार तू मी पोटात असताना बिघडवलीस?"

"तूच बिघडवलीस. आतून सारख्या लाथा मारत होतीस. कुठली तार कुठे जातेय ते सुचू द्यायला हवं ना!"

सासूबाईंचा तेव्हा डोळा लागला होता, म्हणजे असं सगळ्यांना वाटलं. पालकांचा विषय निघाला तशा त्या टुणकन उठून बसल्या. "मी येते. माझ्या पोराच्या शाळेत मला कधी बोलावलंच नाही, मेला कधी खोड्याच करायचा नाही. एवढी हौस राहून गेली होती."

सोमवारी सासूबाई इस्त्रीचे कपडे घालून, चष्मा लावून आणि छत्री घेऊन विभागप्रमुख बाईंच्या खोलीत दाखल झाल्या. जर्नलं धरायला म्हणून मीही आत शिरले. सरांनी तक्रार वाचून दाखवली. सासूबाईंनी मान डोलवत ती ऐकली आणि म्हणाल्या, "ते होईल हो. आधी सांगा, अभ्यासात कशी आहे?"

"बरी आहेत," सर म्हणाले.

"घरी सांगते लायब्ररीत बसते. खरंच बसते का?"

"आई!" काकू.

"तू गप्प बस गं, मोठी माणसं बोलतायत ना. आणि बाळा," त्या सरांना म्हणाल्या, "तुझा आवाज बसलाय, कोमट पाणी पीत जा. हं, मग हिने मोटार मोडली?"

"मोडली असं नाही, पण आकडे बदलले."

"चालत नव्हती ती चालायला लागली?"

"तसं म्हटलं तर..."

"तसं म्हटलं तर काय, बाळा? हो की नाही?"

सरांनी विभागप्रमुख बाईंकडे पाहिलं. बाई इतका वेळ ओठ दाबून बसल्या होत्या. त्यांनी काकूंना विचारलं, "बाकीचं राहू दे. आत नेमकं काय बिघडलंय हे तुम्हाला कसं कळलं?"

काकूंना सहज म्हणता आलं असतं, आवाजावरून. ते खोटंही नव्हतं. पण सर म्हणाले, "अंदाजाने केलं असणार, मॅडम. उद्या जळली तर जबाबदार कोण?" आणि अंदाज हा शब्द काकूंना लागला.

"अंदाज नाही, सर. ही मोटार सोळा वर्षांपूर्वी मीच भरली होती. मीच एक कॉईल उलटी जोडली. माझ्या गाठी मी ओळखते. ती जळली तर जबाबदार मीच, आणि इतकी वर्षं गुरगुरली त्यालाही मीच."

मला वाटलं, गेलं आता चाचणीचं टेबल. कॉलेजने वर्कशॉपला एक फोन लावला असता तरी पुरे होतं.

सासूबाई सुनेकडे टक लावून बघत होत्या. "हे परवा घरी ऐकलं तेव्हा मला वाटलं गंमत करतेयस," त्या म्हणाल्या. मग बाईंकडे वळल्या. "माझ्या एक्सचेंजमध्ये सव्वीस वर्षांत मी किती चुकीचे फोन जोडले देव जाणे. एकालाही परत जाऊन नीट जोडून दिला नाही."

विभागप्रमुख बाई उठल्या आणि आम्हा सगळ्यांना घेऊन प्रयोगशाळेत गेल्या. स्वतः बटण दाबलं, स्वतः भार वाढवला, स्वतः मीटर वाचले. एकोणऐंशी. मग शांतपणे सरांना विचारलं, "तुम्ही याच कॉलेजचे ना? तुमच्या जर्नलमध्ये किती होते?"

"त्र्याण्णव," सर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "शेरा 'उत्कृष्ट' होता, मॅडम."

निकाल असा लागला. अख्ख्या तुकडीने प्रयोग पुन्हा करून खरे आकडे लिहायचे, सरांनी सह्या करायच्या, आणि काकूंनी 'यापुढे विचारल्याशिवाय कुठलंही उपकरण दुरुस्त करणार नाही' असं हमीपत्र लिहून त्यावर पालकांची सही घ्यायची. सासूबाईंनी सही केली, आणि शेऱ्याची जागा रिकामी दिसली म्हणून तिथे लिहिलं, 'मुलगी गुणी आहे, पण हात शिवशिवतात.'

काकू परीक्षेला बसल्या आणि पास झाल्या. फार चमकल्या नाहीत, गणिताने काठावर आणून सोडलं. लेकीने गुणपत्रिका बघून सुस्कारा टाकला, "पुढच्या वेळी मेहनत जास्त घे." वर्कशॉपमधलं चाचणीचं टेबल आता काकूंचं आहे. पहिल्या कागदावर सही करताना त्यांनी पेन तीनदा झटकलं आणि मोटार चारदा तपासली.

मात्र एक गोष्ट त्यांना स्वस्थ बसू देत नाही. निकालानंतर कागदपत्रं आणायला त्या कॉलेजात गेल्या तेव्हा त्यांनी सरांना गाठलं. त्र्याण्णव हा आकडा आला कुठून? एव्हाना सरांनाही चैन पडत नव्हतं. दोघं अडगळीच्या खोलीत जमिनीवर बसून जुनी जर्नलं उपसत मागे मागे गेले. बारा वर्षांपूर्वी त्र्याण्णव. पंधरा वर्षांपूर्वी त्र्याण्णव. मग अठरा वर्षांपूर्वीचं एक जर्नल निघालं. तेव्हा काकूंनी ती मोटार पाहिलीही नव्हती, आणि मोटार ठणठणीत होती. त्यातही त्र्याण्णव. तळाशी, वीस वर्षांपूर्वीच्या जर्नलमध्येही तेच, दशांश चिन्हानंतरचे आकडेसुद्धा तेच.

काकू आधी खूश झाल्या. त्यांच्या चुकीने कुणाचंही रीडिंग बिघडलं नव्हतं, कारण मुळात ते कुणी घेतच नव्हतं. मग त्यांचा चेहरा बदलला. वर्कशॉपमध्ये मोटार येते ती जळाल्यावरच, आणि मोटार जळते ती भाराखाली राबवल्यावर. त्या दिवसापासून मी भेटले की त्या हातातलं काम खाली ठेवतात आणि विचारतात, "अगं, चांगली होती तेव्हाही कुणी तिला धड अर्धं मिनिट चालवलं नाही, मग माझ्याकडे आली तेव्हा ती जळलेली कशी होती?"