माझ्या राक्षसाकडे प्लॉट मागितले

मंडळी, आज माझं डोकं फिरलंय.

दर रविवारी पनवेलला माझ्या घरी आम्ही चौघं फासे टाकून गोष्टीचा खेळ खेळतो. गोष्ट मी सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. आठवडाभर ऑफिसातून आल्यावर मी राक्षसाची गुहा रचत होतो. नकाशा काढला, सापळे आखले, राक्षसाचा आवाजसुद्धा आरशासमोर बसवला.

आणि आज? मी घसा फोडून गुरगुरतोय आणि योद्धा झालेला समीर व्हॉट्सॲप बघून हसतोय. जादूगार प्राची फाशांचा मनोरा रचतेय. आमचा धनुर्धारी, गव्हाणचा महेश, चक्क पेंगतोय.

वैतागून मी पुढचं भराभर वाचून टाकलं: राक्षसाने गुहेसाठी गावाची शेतं घेतली.

महेश ताडकन जागा झाला. "जमीन घेतली? मग साडेबारा टक्के दिलं का नाय?"

संपलं! प्रकल्पात जमीन गेली की तिच्या साडेबारा टक्के प्लॉट परत, हे आमच्याकडे घराघरात बोललं जातं. समीरचा फोन खिशात गेला. प्राचीने गावसभा बोलावली. संध्याकाळपर्यंत नुसत्या वाटाघाटी! प्लॉट रस्त्यालगतच हवेत म्हणे.

मी ओरडलो, "अरे, मारा ना त्याला!"

महेश म्हणाला, "मारला तर सही कोन करनार? आमचा सायेब बदलला, तवापासून बाबाच्या प्लॉटची फाईल पडून हाय."

मी हातातले फासे खाली ठेवले.

आता तुम्हीच सांगा, पुढच्या रविवारसाठी मी सापळे आखू की राक्षसाचा सातबारा काढू?