तिसऱ्या आठवड्याचा हट्ट

"पब्लिक वाढतंय सर, तुम्ही शो काढू नका," असं कौस्तुभ पुण्याहून फोनवर सांगत होता, तेव्हा मी बाल्कनीच्या दारात उभा होतो. दुपारचा शो चालू होता. खाली मोजकीच डोकी दिसत होती, आणि त्यातली बरीचशी खुर्चीच्या पाठीवर कलंडलेली. बाहेर ऊन मरणाचं होतं आणि आमचा एसी चांगला आहे. ही माणसं पिक्चर बघायला आली नव्हती, हे सांगायला कुणी पुण्याहून फोन करायची गरज नव्हती.

मी कोपरगावातल्या एका सिंगल स्क्रीन थिएटरचा मॅनेजर. कौस्तुभ हा वितरक कंपनीचा माणूस. वितरक म्हणजे निर्मात्याकडून पिक्चर घेऊन आम्हा थिएटरवाल्यांना देणारा. वय तिशीच्या आत. आमच्या गावाला तो 'इंटिरियर मार्केट' म्हणतो.

पिक्चर सायन्स फिक्शन होता, दुसरा भाग. पहिला भाग आमच्याकडे जोरात चालला होता. त्यात परग्रहावरचे लोक धरणाचं पाणी चोरायला येतात. पाण्याची चोरी आमच्या तालुक्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. कॅनॉलच्या टेलकडची, जिथं पाणी पोचतच नाही तिथली माणसं टेम्पो करून आली होती. दुसऱ्या भागात पाणीच गायब. सगळी पात्रं अंधारात उभी राहून काळाच्या प्रवाहांवर चर्चा करतात. पहिल्याच दिवशी इंटरव्हलला एक बागायतदार माझ्याकडे आला.

"साहेब, ह्यो गडी पहिल्या भागात मेल्ता ना?"

मेला होता, म्हटलं.

"मग आता कसा काय हाय?"

कंपनीचं सगळं साहित्य मी वाचलं होतं. तरी मला सांगता आलं नाही. तो चहा पिऊन थेट घरी गेला.

पिक्चर देतानाच कंपनीची अट होती, दोन आठवडे सगळे शो त्यांचेच. त्या अटीपायी आम्ही एक बरा मराठी पिक्चर परत पाठवला. तो शेजारच्या तालुक्यात चालला. आमचे मालक भाऊसाहेब तेव्हा एकच गोष्ट विचारत होते, हा पिक्चर घरी कधी दिसणार? थिएटरात लागल्यापासून मोबाईल-टीव्हीवर येईपर्यंत जे अंतर असतं, त्याला धंद्यात विंडो म्हणतात. ही विंडो छोटी झाली की लोक म्हणतात, थांबू थोडं, घरीच बघू. दोन महिने तरी नक्की नाही, असं कौस्तुभने छातीठोक सांगितलं होतं.

दुसरा आठवडा कसाबसा संपत आला. मग त्याचा हट्ट सुरू झाला, तिसरा आठवडाही ठेवा. मला कोडं पडलं. रिकाम्या खुर्च्यांना पिक्चर दाखवून कंपनीला काय मिळणार?

मी सरळ नाही म्हणणार होतो, पण गायकवाड मॅडम मध्ये होत्या. पुणतांब्याच्या शाळेत त्या विज्ञान शिकवतात. परीक्षा संपल्यावर मुलांना हा पिक्चर दाखवायचं त्यांनी वर्षाच्या सुरुवातीलाच कबूल केलं होतं. तिसऱ्या आठवड्यातल्या शनिवारचा सकाळचा शो ठरला होता, एसटीही ठरली होती. त्यातल्या निम्म्या पोरांनी थिएटर आतून पाहिलेलं नव्हतं.

मग गुरुवारी मॅडमचाच फोन आला. त्यांचा आवाज पडलेला होता. पिक्चर उद्यापासून मोबाईलवर येतोय, अशी जाहिरात पालकांच्या ग्रुपवर फिरत होती. घरी दिसतंय तर एसटीचा आणि तिकिटाचा खर्च कशाला, असं पालक विचारत होते.

मी जाहिरात उघडली. वर लिहिलं होतं, 'थिएटरमध्ये तिसऱ्या आठवड्यात यशस्वी घोडदौड'. खाली, 'आता तुमच्या घरी'. कोडं तिथंच सुटलं. घरच्या पडद्यावर विकताना 'तिसरा आठवडा' एवढे दोन शब्द त्यांना हवे होते. त्यासाठी आम्ही एसी चालवायचा.

कौस्तुभला फोन लावला. तो जराही ओशाळला नाही. म्हणाला, "स्ट्रॅटेजी बदलली सर. वरून आलंय."

मग शनिवारचा एक शो तरी द्या, शाळेची मुलं आहेत, म्हटलं. त्यावर तो म्हणाला, की सगळा आठवडा ठेवलात तरच देऊ. हल्ली पिक्चर कुलूपबंद फाईल म्हणून येतो. ती उघडायचा कोड म्हणजे 'की', आणि तो ठरावीक तारखांपुरताच चालतो. किल्ली त्यांच्या हातात होती.

भाऊसाहेबांना सगळं सांगितलं. ते फार बोलत नाहीत. जाहिरात त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली.

"उतरव त्यो पिक्चर," म्हणाले. "पन पोरांचं काय?"

तेव्हा मला पहिला भाग आठवला. आमच्या पट्ट्यातले त्याचे हक्क नाशिकच्या एका जुन्या वितरकाकडे होते. त्या गृहस्थांना मी कारण सांगितलं. ते हसले आणि संध्याकाळपर्यंत की पाठवली. मॅडम जरा बिचकल्या. तो पिक्चर मुलांनी मोबाईलवर कैक वेळा पाहिला होता. तरी घेऊन या, म्हटलं. तिकीट लावायचं नाही, असं भाऊसाहेबांनी आधीच सांगून टाकलं होतं, त्यामुळे पालकही गप्प बसले.

शनिवारी पोरं आली. दिवे मालवले तेव्हा हॉल चिडीचूप झाला. मग पडद्यावर धरण आलं, अख्ख्या भिंतीएवढं, आणि परग्रहवाल्यांनी गेट उघडलं. पुढच्या रांगेतली एक मुलगी उभी राहून ओरडली, "आमचं पानी हाय त्ये!" त्यानंतर शेवटपर्यंत कुणाचं कुणाला ऐकू आलं नाही. गायकवाड मॅडम आधी गप्प बसा म्हणत होत्या. थोड्या वेळाने त्याही ओरडत होत्या. बाहेर पडताना त्यांचा घसा बसला होता. खुणेनेच त्यांनी मला नमस्कार केला.

घरी दिसतं म्हणून थिएटर मरतं, असं रडगाणं आमच्या धंद्यात रोज ऐकू येतं. मला घरच्या पडद्याचा राग नाही, मीही त्यावर बघतो. पण पब्लिक वाढतंय असं एका फोनवर सांगायचं आणि दुसऱ्या फोनवर पिक्चर घरी विकायचा, याला ही मंडळी स्ट्रॅटेजी म्हणतात. आमच्याकडे त्याला दुसरा शब्द आहे, तो छापता येत नाही.

तेव्हापासून पिक्चर घेताना मी हिरो कोण, बजेट किती, हे विचारत नाही. घरची तारीख आधी लेखी मागतो, मग थिएटरची ठरवतो.

गेल्या महिन्यात कौस्तुभचा फोन आला. तिसरा भाग येतोय, म्हणाला, आणि इंटिरियर मार्केटसाठी खास आहे. घरी कधी येणार, म्हणून विचारलं. ते कॉन्फिडेन्शियल असतं, असं उत्तर मिळालं.

"बरं," म्हटलं, "मग आम्ही घरीच बघू."