मालधक्क्यावरचं इंजिन

भांडायला गेलो आणि चहा पिऊन परत आलो. एवढं साधं काम मला जमलं नाही.

आमच्या घरामागे मालधक्का आहे. तिथं मालगाडीचं डिझेल इंजिन सकाळपासून उभ्या उभ्या धडधडत होतं. कुठं जायचं नाही, यायचं नाही, नुसता धूर सोडायचा. त्या धुरानं बायकोचा दमा उसळतो. खिडक्या लावून ती आतल्या खोलीत बसली होती, म्हणून मी ठणकावून सांगायला निघालो.

ड्रायव्हर भला निघाला. "काका, बंद करायला माझी कुठं ना आहे? पण बॅटऱ्या जुन्या झाल्यात. परत चालू झालं नाही तर मलाच धरतील. नव्या इंजिनांत उभं असताना चालवायला वेगळं छोटं इंजिन असतं म्हणे. आमच्याकडे कधी येतंय, बघू." बोलता बोलता त्यानं थर्मास उघडला.

मला त्याचं पटलं, आणि तिथंच माझं भांडण संपलं. आपल्याकडे प्रत्येक धुरामागे असा एखादा बरा माणूस उभा असतो आणि त्याचं कारणही खरं असतं. ज्याच्यावर चिडावं तो कधी मालधक्क्यावर भेटत नाही. जो भेटतो तो बिस्किटाचा पुडा पुढे करतो. आणि आमच्या डोक्यावर धूर तसाच पसरत राहतो.

घरी येऊन मी बायकोला बॅटऱ्यांचं सगळं समजावून सांगितलं. दम्याचा पंप हातात धरून तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्याची अडचण मला सांगितलीत. माझी त्याला सांगितलीत का?"